रीसलिंग सोडून बोला: अनोळखी जर्मन वाइन कशा शोधाव्यात, कशा चाखाव्यात

जर्मन सुपरमार्केटात वाइनच्या रॅकसमोर उभा असलेला आपला माणूस बहुतेक वेळा तीनपैकी एक बाटली उचलतो. नाव ऐकलेलं म्हणून रीसलिंग, ऑफिसातले सगळे घेतात म्हणून ग्राउबुर्गुंडर, नाहीतर रंग गडद आणि किंमत कमी म्हणून डॉर्नफेल्डर. तिन्हींत वावगं काही नाही. पण जर्मनीत वाइनच्या द्राक्षांचे शंभराहून जास्त वाण लावतात, देशात 13 वाइनप्रदेश आहेत, आणि रीसलिंगच्या वाट्याला एकूण लागवडीचा जेमतेम पाव हिस्सा येतो. उरलेल्यात बराचसा माल बेताचा असतो आणि थोडा अफलातून. त्या थोड्यापर्यंत पोचायचं कसं, एवढंच इथे सांगायचं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वाणांची यादी हातात घेऊन एकेका नावावर खूण करत प्यायलं की चार दिवसांत सगळं एकसारखं लागायला लागतं. यातल्या प्रत्येक वाणाचं एक घर आहे. तिथले लोक तो कौतुकाने नव्हे, रोजच्या जेवणाबरोबर पितात आणि तिथला शेतकरी तो मनापासून लावतो. म्हणून एका वेळी एकच वाण, त्याच्या घरच्या प्रदेशातला, शेतकऱ्याने स्वतः भरलेला आणि शक्यतो ड्राय, म्हणजे गोड नसलेला. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पहिली पायरी: लेबल वाचायला शिका

जर्मन लेबल पाहून घाबरायला होतं, पण त्यातले पाच-सहा शब्द कळले तरी काम भागतं. सगळ्यात आधी गोडी बघा. ‘ट्रोकन’ म्हणजे ड्राय: लिटरला जास्तीत जास्त 9 ग्रॅम साखर, आणि तीही आंबटपणा पुरेसा असेल तरच. ‘हाल्बट्रोकन’ म्हणजे साधारण 18 ग्रॅमपर्यंत. ‘लीबलिश’ दिसलं की गोड समजायचं. ‘फाइनहेर्ब’ हा शब्द फसवा आहे. त्याला कायद्यात मर्यादाच नाही, वाइनमेकर तो आपल्या अंदाजाने लावतो. बहुतेकदा ती वाइन हाल्बट्रोकनच्या आसपास असते.

यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर अल्कोहोलचा आकडा बघा. 8 किंवा 9 टक्के म्हणजे द्राक्षातली बरीच साखर आंबवण न होता तशीच राहिली आहे, वाइन गोडसर निघणार. 12 ते 13 टक्के असेल तर ती बहुधा ड्राय. दुकानात उभ्या उभ्या करायला याहून सोपी परीक्षा नाही.

‘काबिनेट’, ‘श्पेटलेझे’, ‘आउसलेझे’ हे शब्द वाइनच्या गोडीबद्दल आहेत असा समज जर्मनीतही पुष्कळांचा असतो. प्रत्यक्षात ते तोडणीच्या वेळी द्राक्षाच्या रसात साखर किती होती ते सांगतात. त्या साखरेचं वाइनमेकरने पुढे काय केलं तो वेगळा प्रश्न, त्यामुळे ‘काबिनेट ट्रोकन’ अशी बाटलीही सर्रास मिळते.

मग बाटली कोणी भरली ते शोधा. ‘गुट्सआबफ्युलुंग’ असेल तर त्याच मळ्याने स्वतःच्या द्राक्षांची वाइन करून भरलेली असते. ‘एर्त्सॉयगरआबफ्युलुंग’ हा शब्द शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थाही वापरतात, आणि व्युर्टेम्बर्ग किंवा बाडेनमधल्या काही संस्था फार चांगलं काम करतात. साखर कारखान्यांच्या प्रदेशातून आलेल्या माणसाला सहकार वेगळा समजावून सांगायला नको. नुसतंच ‘आबफ्युलर’ असेल तर माल कुठून कुठून गोळा केला असेल ते सांगता येत नाही. शिकण्यासाठी ती बाटली नको.

खाली बारीक अक्षरात एक लांबलचक तपासणी क्रमांक असतो, त्याआधी ए. पी. ही अक्षरं असतात. त्यातले शेवटचे दोन आकडे म्हणजे वाइन तपासणीला गेली ते वर्ष, आणि त्याच्या आधीचा आकडा म्हणजे त्या वाइनमेकरने त्या वर्षी तपासणीला दिलेल्या वाइनचा अनुक्रम. एकाच मळ्याच्या, एकाच नावाच्या दोन बाटल्या वेगळ्या लागल्या तर हा क्रमांक ताडून बघा. बऱ्याचदा त्या वेगळ्या पिंपांतल्या निघतात.

एक शेवटची गोष्ट. लेबलवर एका वाणाचं नाव असेल तर निदान 85 टक्के द्राक्ष त्या वाणाचं असावं लागतं. बुचावरच्या टोपणावर गरुड दिसला तर तो मळा व्हीडीपी या निवडक मळ्यांच्या संघटनेचा सभासद आहे. गरुड म्हणजे दर्जा बहुधा चांगला आणि किंमत नक्कीच जास्त.

दुसरी पायरी: सिल्वानर आणि रीसलिंग शेजारी ठेवा

सुरुवात सिल्वानरने करावी, यावर मी ठाम आहे. हा वाण काही नवखा नाही. फ्रांकेन प्रदेशातल्या कास्टेल गावात 1659 च्या एप्रिलमध्ये त्याची रोपं लावल्याची नोंद आहे, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जर्मनीत सर्वांत जास्त लागवड याचीच होती. पुढे स्वस्त आणि भरघोस पीक म्हणून त्याची किंमत उतरली. ऱ्हाइनहेसेन आणि फ्रांकेनमधल्या शेतकऱ्यांनी पीक कमी घेऊन त्याला पुन्हा वर आणलं.

करायचं इतकंच. फ्रांकेनची ड्राय सिल्वानर आणि मोझेल किंवा ऱ्हाइनगाऊची ड्राय रीसलिंग घ्या, शक्यतो एकाच वर्षाची आणि जवळपास सारख्या किमतीची. शेतकऱ्याकडे दोन्ही साधारण दहा युरोंच्या आतबाहेर मिळतील. फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. अतिथंड असली की वास मिटतो, आणि सिल्वानरचा वास मुळातच हळू बोलणारा. सारखे दोन ग्लास घ्या आणि तिसरा पाण्याचा.

आधी रीसलिंगचा घोट घ्या. आंबटपणा जिभेच्या कडांना लागेल, वास उडी मारून वर येईल, लिंबू, पीच, हिरवं सफरचंद. मग सिल्वानर. पहिल्या क्षणी वाटेल की यात काहीच नाही. थांबा. घोट तोंडात फिरवा आणि चवीपेक्षा वजनाकडे लक्ष द्या. रीसलिंग सरळ रेघेत जाते, सिल्वानर पसरते. नाशपती, वाळलेलं गवत, पावसानंतरची माती, शेवटी जरा खारट वाटणारी छटा. पाच मिनिटांनी पुन्हा प्या, तेव्हा ती अजून थोडी उघडलेली असेल. दुसऱ्या दिवशी उरलेल्या बाटलीतून प्यायलं तर चांगली सिल्वानर आदल्या दिवसापेक्षा बरी लागते. साधी असेल तर तेव्हाच उघडी पडते.

फ्रांकेनची सिल्वानर चपट्या, पोटाशी गोल बाटलीत येते. तिला बॉक्सबॉयटेल म्हणतात. ही बाटली प्रामुख्याने फ्रांकेनचीच, त्यामुळे दुकानात लांबूनही ओळखू येते. तिथली जमीन बरीचशी चुनखडीची, आणि चुनखडीवर हा वाण विशेष खुलतो.

जायचं असेल तर व्युर्त्सबुर्गला जा. शहराच्या डोक्यावरच ‘श्टाइन’ नावाची प्रसिद्ध उतारावरची बाग आहे. माइन नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर लोक संध्याकाळी हातात वाइनचा ग्लास घेऊन नुसते उभे असतात. ग्लासासाठी डिपॉझिट घेतात, परत दिला की पैसे मिळतात. त्याच गावातली युलियुसश्पिटाल ही संस्था बघण्यासारखी आहे. 1576 मध्ये स्थापन झालेलं हे धर्मादाय रुग्णालय, आणि त्याच्या मालकीच्या द्राक्षबागा आजही वाइन करतात. एप्रिलच्या मध्यापासून 24 जूनपर्यंत पांढऱ्या शतावरीचा, म्हणजे अ‍ॅस्परॅगसचा, हंगाम असतो. तेव्हा गेलात तर शतावरी, उकडलेले बटाटे, लोणी आणि सिल्वानर हे जेवण टाळू नका. शाकाहाऱ्यांची जर्मनीत इतकी बडदास्त वर्षातून एकदाच होते.

तिसरी पायरी: प्रयोगशाळेतली मंडळी

थंड हवेत लवकर पिकणारं आणि भरपूर साखर देणारं द्राक्ष हवं, म्हणून जर्मन संशोधकांनी शंभरेक वर्षं वाणांचे संकर केले. 1882 मध्ये हेर्मान म्युलर यांनी गाइझेनहाइमला केलेला म्युलर-थुर्गाऊ हा त्यांतला सर्वांत यशस्वी. तो रीसलिंग आणि सिल्वानरचा संकर आहे असं अनेक दशकं मानलं जात होतं. डीएनए तपासणीत दुसरा पालक माडलेन रॉयाल नावाचा वाण निघाला. 1970 आणि 80 च्या दशकांत परदेशात गेलेल्या स्वस्त गोड जर्मन वाइनमध्ये यानेच भर घातली आणि त्याचं नाव खराब झालं. आता अनेक मळे हीच वाइन ड्राय करून ‘रिव्हानर’ या नावाने विकतात. उन्हाळ्यातल्या दुपारी बरी, जास्त अपेक्षा नको.

वेळ द्यावा असा वाण म्हणजे शॉयरेबे. गेऑर्ग शॉय यांनी 1916 मध्ये ऱ्हाइनहेसेनमधल्या आल्त्साय इथे तो तयार केला. 88 क्रमांकाचं रोप निवडलं गेलं, म्हणून ऑस्ट्रियात त्याला अजून ‘झेम्लिंग 88’ म्हणतात. नाझी काळात त्याला एका शेतकरी पुढाऱ्याचं नाव चिकटवलं होतं, युद्धानंतर ते काढून शॉय यांचं दिलं. चांगल्या ड्राय शॉयरेबेत पपनसाचा झणझणीत वास येतो, त्यामागे ब्लॅककरंट आणि थोडा पुदिना. सोविन्यों ब्लाँ आवडणाऱ्यांना ही हमखास आवडते. फाल्त्स किंवा ऱ्हाइनहेसेनची घ्या. एक ड्राय आणि एक गोडसर काबिनेट अशा दोन घेतल्या तर त्याच वाणाचे दोन स्वभाव दिसतात. द्राक्ष कच्चं तोडलेलं असेल तर मात्र वास उग्र होतो, तेव्हा स्वस्तातली शॉयरेबे घेऊन वाणावर मत बनवू नका.

बाखुस फ्रांकेनमध्ये मिळते, सुगंधी आणि मऊ. केर्नर 1929 चा, आउगुस्ट हेरोल्ड यांनी ट्रोलिंगर या लाल द्राक्षाचा रीसलिंगशी केलेला संकर. रंग पांढराच आला. याच हेरोल्ड यांनी 1955 मध्ये वाइन्सबेर्गला डॉर्नफेल्डर केला. त्याची वंशावळ लक्षात ठेवण्यासारखी आहे: आजीआजोबांत फ्र्युबुर्गुंडर, ट्रोलिंगर, पोर्टुगीझर आणि लेमबर्गर. नातू रॅकवर सगळीकडे दिसतो, पण मला त्यातले तीन आजोबा जास्त आवडतात. पुढची पायरी त्यांतल्या दोघांची.

चौथी पायरी: स्टुटगार्ट आणि केरसुणी

स्टुटगार्ट 1968 पासून मुंबईचं भगिनी शहर आहे. पुण्या-चाकणच्या गाडीउद्योगातल्या माणसांचं तिथे जाणं-येणं कायम चालू असतं. सहा महिने तिथे राहून बीअर पिऊन परत आलेले कितीतरी जण मला माहीत आहेत, आणि उंटरट्युर्कहाइमच्या मर्सिडीज कारखान्याच्या मागच्याच टेकडीवर द्राक्षबागा आहेत! बागा शहराच्या हद्दीतच आहेत, स्टुटगार्ट महानगरपालिकेचा स्वतःचा वाइनमळासुद्धा आहे.

इथला घरचा वाण ट्रोलिंगर. इटलीच्या दक्षिण टिरोलमध्ये जो व्हेरनाच म्हणून ओळखला जातो तोच हा. रंग इतका फिका की रोझे वाटावी, चेरी-स्ट्रॉबेरीची चव, शेवटी बदामाची किंचित कडसर छटा, तुरटपणा नावालाच. वाइनवाले पंडित याला नाकं मुरडतात. पंडितांचं चुकतं कुठे, तर ते ही वाइन मोठ्या ग्लासात, कोमट आणि एकेक घोट मोजत पितात. ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून, 12 ते 14 अंशांवर, जेवताना प्यायची असते. स्थानिक लोक तर कानवाल्या पाव लिटरच्या ग्लासातून पितात. त्या मापाला तिथे ‘फीर्टेले’ म्हणतात.

लेमबर्गर वेगळ्या वजनाचा गडी. ऑस्ट्रियात याचं नाव ब्लाउफ्रेंकिश. काळी मिरी, ब्लॅकबेरी, भक्कम आंबटपणा. चांगल्या मळ्याची, लाकडी पिंपात ठेवलेली लेमबर्गर पाच-सात वर्षं सहज टिकते आणि सुधारते. एकाच मळ्याची साधी आणि पिंपातली अशा दोन बाटल्या घेऊन ताडून बघा. श्वार्त्सरीसलिंग नावाचं लाल द्राक्षही इथे खूप आहे. रीसलिंगशी त्याचं नातं काही नाही, शँपेनमध्ये वापरतात तो पिनो म्यूनिये तो हा.

हे सगळं चाखायची जागा म्हणजे ‘बेझन’. दाराबाहेर केरसुणी टांगलेली असेल तर शेतकऱ्याने आपल्या घरात किंवा गोठ्याच्या जागेत गुत्ता उघडला आहे असं समजायचं. परवाना लागत नाही, पण नियम कडक: वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, 40 बसायच्या जागा, वाइन स्वतःची, जेवण साधं. त्यामुळे जायच्या आधी तो उघडा आहे का ते बघून जावं लागतं. टेबलं लांब असतात, अनोळखी लोकांशेजारी बसावं लागतं, आणि दुसऱ्या फीर्टेलेनंतर कोणीतरी तुम्हाला आपल्या बागेची माहिती द्यायला लागतं. ती ऐका, तपासणी क्रमांकापेक्षा उपयोगी असते.

शाकाहाऱ्यांनी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. श्वाबियन, म्हणजे स्टुटगार्टकडच्या, पद्धतीच्या बटाट्याच्या सॅलडमध्ये बऱ्याचदा मांसाचं स्टॉक असतं, आणि कांद्याच्या ‘त्स्वीबेलकूखन’मध्ये बेकनचे तुकडे. केझेश्पेत्स्ले म्हणजे चीज घातलेल्या मऊ शेवया, त्या बहुधा चालतात. गाडी नेऊ नका. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा हजारी 0.5 आहे, नवशिक्या चालकाला शून्य, आणि उपनगरी रेल्वे बागांच्या पायथ्याशी थांबते.

पाचवी पायरी: जाता जाता भेटणारे

एल्बलिंग मोझेलच्या वरच्या अंगाला, ट्रियरपासून लक्झेंबर्गच्या सीमेकडे मिळते. तिथे जमिनीतला स्लेटचा दगड संपून चुनखडी सुरू होते. हलकी, कडक आंबट, फेसाळ ‘झेक्ट’ करायला उत्तम. गुटएडेल हा फ्रायबुर्ग आणि बाझेलच्या मधल्या मार्कग्रेफलरलांडचा वाण. बाडेनचे मार्कग्राफ, म्हणजे तिथले राज्यकर्ते, कार्ल फ्रीडरिश यांनी 1780 मध्ये तो स्वित्झर्लंडमधून आणला. याला आंबटपणा कमी, आवाज त्याहून कमी, आणि पोटाला सोसणारी. गोल्डरीसलिंग झाक्सनमध्ये, माइसेन आणि राडेबॉयलच्या आसपासच दिसते. ड्रेस्डेनला गेलात तरच तिच्या नादी लागा.

आर नदीच्या खोऱ्यातली फ्र्युबुर्गुंडर मिळाली तर सोडू नका. पिनो न्वारचाच लवकर पिकणारा भाऊ, पीक थोडं, किंमत जास्त. जुलै 2021 च्या महापुरात या खोऱ्याची दैना झाली, तेव्हा चिखलाने माखलेल्या बाटल्या तशाच विकून लोकांनी मदत उभी केली होती.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुकानात गढूळ ‘फेडरवाइसर’ दिसेल, अर्धवट आंबलेली नवी वाइन. तिचं झाकण मुद्दाम सैल असतं, आत वायू तयार होत असतो. ती आडवी ठेवली तर पिशवीचं काय होईल ते सांगायला नको.

सहावी पायरी: आपल्या स्वयंपाकाबरोबर

इथे दोनच नियम उपयोगी पडतात. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना चढवतात, तुरटपणा त्यात तेल ओततो. म्हणून तांबड्या रश्श्यासमोर 14 टक्क्यांची लाल वाइन ठेवू नका. तिथे 9-10 टक्क्यांची, जरा गोडसर शॉयरेबे काबिनेट थंड करून घ्या. दुसरा नियम असा की पदार्थात गोडी असली की ड्राय वाइन जास्तच आंबट लागते. चिंच-गुळाची आमटी, अळूवडी, पंचामृत यांच्यासोबत म्हणून फाइनहेर्ब केर्नर किंवा रिव्हानर बरी.

बाकी माझ्या पसंतीच्या जोड्या: सुरमईची तुकडी किंवा कांदाभजी असेल तर एल्बलिंग, ती तिथे पिळलेल्या लिंबासारखं काम करते. सुरळीची वडी, कोथिंबीर वडी, पालकाची पातळ भाजी यांना सिल्वानर. थालीपीठ-लोणी आणि भरल्या वांग्याला थंड ट्रोलिंगर, आणि ही जोडी मी कोणाशीही वाद घालून सिद्ध करायला तयार आहे. लेमबर्गर कमी तिखटाच्या खिम्याबरोबर.

प्रत्येक बाटलीनंतर फोनमध्ये चार गोष्टी लिहून ठेवा: वाण, गाव, मळा, वर्ष. चवीचं वर्णन नाही जमलं तरी चालेल, ‘पुन्हा घेईन’ किंवा ‘नाही’ एवढं पुरे. मळ्यावर चाखायला गेलात तर थुंकायचं भांडं मागायला लाजू नका. तिथे त्यात कोणाला गैर वाटत नाही, आणि सहाव्या ग्लासानंतरच्या नोंदी एरवी कामाच्या नसतात.

सातवी पायरी: घरी न्यायच्या बाटल्या

भारतात येताना माणशी 2 लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते. म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या आणि वर अर्धी. एल्बलिंग, गुटएडेल, ट्रोलिंगर या ताज्या प्यायच्या वाइन, त्या तिथेच संपवा. एक बाटली नामांकित बागेच्या सिल्वानरची घ्या, चपटी असल्याने कपड्यांत नीट बसते. दुसरी पिंपातल्या लेमबर्गरची. चेक-इन बॅगेत, मधोमध, जाड स्वेटरात गुंडाळून. घरी आल्यावर एप्रिल-मेच्या उकाड्यात कपाटात ठेवू नका, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. उरलेल्या अर्ध्या बाटलीच्या जागी शॉयरेबेची बेरेनआउसलेझे बघा. ही फार गोड वाइन 375 मिलीच्या बाटल्यांतच बहुधा विकतात, उघडल्यावर फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते, आणि घरच्या पाच-सहा जणांना छोट्या ग्लासातून पुरते.